घाम फुटलेले आइसपॅक

३ एप्रिल

औषधांच्या या गोदामात पाठवणी-प्रमुख म्हणून आज पहिला दिवस — आणि डोकं उठलं! दोनशे खोकी इन्सुलिन जायचंय, गाडी दारात घरघरत उभी, आणि खोकी भरणारा म्हातारा स्टुलावर बसून आइसपॅक कानाशी हलवतोय! फ्रीझरमधून काढले की अर्धा-पाऊण तास टेबलावर मांडून ठेवायचे म्हणे. "घाम फुटू द्या, बाई. आत पाणी हललेलं ऐकू आलं की मगच भरायचे."

घाम मलाच फुटला. बाहेर डांबर वितळतंय आणि हा बर्फ वितळायची वाट बघतोय! मी त्याचं नाव ठेवलं — थंडोबा.

४ एप्रिल

फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: आइसपॅक फ्रीझरमधून थेट खोक्यात. वाट बघायची नाही.

थंडोबा बराच वेळ फळ्याकडे बघत उभा. "बाई, इन्सुलिनला ऊन सोसत नाही, तसं गोठणंही सोसत नाही. एकदा गोठलं की गेलं." मला शिकवतोय! हेड ऑफिसात सहा वर्षं मी काय गवत उपटलं? म्हटलं, "काका, गारव्याने औषध बिघडल्याचं आजवर ऐकलं नाही. भरा." "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला आणि भरायला लागला. म्हणजे जमत होतं की! नुसती नाटकं.

९ एप्रिल

गाडी रोज पाऊण तास आधी सुटते. साहेब खूश — "याला म्हणतात काम!" थंडोबा तोंड पाडून भरतो. पडू दे. इतकी वर्षं सगळ्या गोदामाला त्याने स्टुलाभोवती नाचवलं, आता कुणी विचारत नाही म्हणून पोटात दुखतंय.

१३ एप्रिल

दाढ दुखतेय. बाकी काही नाही.

१७ एप्रिल

दूरच्या गावातल्या औषध दुकानदाराचा फोन. "बाई, तुमच्या नव्या खेपेच्या इन्सुलिनने साखर उतरत नाही हो. तिघांची तक्रार आहे." आली का पंचाईत! गोड खाणार हे, आणि खापर आमच्या डोक्यावर! तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. तर म्हणतो, "तिघांत एक माझीच मुलगी आहे. नऊ वर्षांची. मी स्वतः मोजून देतो." दुकानदाराच्या पोरीला चॉकलेटांचा काय तोटा! तक्रार लेखी पाठवा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

२० एप्रिल

प्रत्येक खेपेतल्या एका खोक्यात तापमान टिपणारं यंत्र असतं. त्या गावचं आज परत आलं. दोन ते आठ अंश हवं. आठच्या वर एकदाही गेलं नव्हतं — साहेबांना दाखवायला मी उठलेसुद्धा! मग आलेखाचा खालचा भाग बघितला. उणे तीन. सलग चार तास.

गोठलं, वाटेत पुन्हा वितळलं. दिसायला औषध, गुण पाण्याचा.

दुकानदाराला फोन लावला. बायकोने उचलला. मुलगी कालपासून दवाखान्यात, डोळे उघडत नाही.

संध्याकाळपर्यंत एकेका दुकानाला फोन करून ४ तारखेपासूनचा सगळा माल परत मागवला. थंडोबा शेजारी बसून यादीतली नावं वाचून दाखवत होता.

२१ एप्रिल

मुलीने डोळे उघडले. बापाने तेवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौकशीला उद्या औषध खात्याचा अधिकारी येणार. फळा मी सकाळीच पुसला. का पुसला ते इथेसुद्धा लिहवत नाही. लाज वाटते.

२२ एप्रिल

अधिकाऱ्याने विचारलं, "थेट भरायचं कोणी ठरवलं?" साहेब खिडकीबाहेर बघत बसले.

थंडोबा म्हणाला, "भरणारे हात माझे, साहेब. गोठणार हे मला ठाऊक होतं. तरी भरलं. चूक माझीच."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. साहेबांनी थंडोबाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मग अधिकारी माझ्याकडे वळला — "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "नाही."