विमानाचं नाक डावीकडे होतं

४ मार्च, सकाळ

परवाचं विमान अजून गवतातच आहे. उतरताना एका बाजूचं चाक मोडलं आणि विमान घसरत धावपट्टीबाहेर गेलं. माणसं सगळी फुगवलेल्या घसरगुंड्यांवरून खाली आली, दोघातिघांचे पाय मोडले तेवढंच. त्यामुळे कारणावर मोकळ्या मनाने चर्चा करता येते. 'टचडाउन' ग्रुपवर झुंबड उडालीय. ग्रुपमध्ये पायलट पाचसहा, बाकी आम्ही अभ्यासक. त्यातला एक बेकरीवाला म्हणतो, ब्रेक फेल. त्याला दर वेळी ब्रेकच दिसतो.

मी अजून मत दिलेलं नाही. घाईने बोलणं माझ्या स्वभावात नाही. उद्या देईन.

४ मार्च, दुपार

दिलं. पायलटची चूक.

५ मार्च

व्हिडिओ मिळाला. कुण्या मुलाने गच्चीवर उभं राहून काढलाय. पुढे तो स्वतः हात हलवतोय आणि त्याच्या मागे पाठमोरं विमान धावपट्टीवर टेकतंय. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, दिवसभर तेच पाहिलं. वारा त्या दिवशी उजवीकडून होता, हवामान खात्याच्या साइटवर आहे. वारा उजवीकडून तर विमानाचं नाकही उजवीकडे, वाऱ्याच्या तोंडावर ठेवतात. व्हिडिओत नाक चक्क डावीकडे. म्हणजे पायलटने चुकीचा पाय दाबला. शेपटीवरचं सुकाणू पायाने चालतं, हे फार लोकांना ठाऊक नसतं.

इतकी वर्षं चष्मे करतोय. नजरेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

६ मार्च

साडूंना फोन केला. हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मोठ्या विमानांवर कॅप्टन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, रिपोर्ट येऊ द्या. मी म्हटलं, साडूभाऊ, नाक डावीकडे आहे. ते म्हणाले, असेल, रिपोर्ट येऊ द्या. एका पायलटने दुसऱ्याला पाठीशी घालायचं, हे मी समजू शकतो. वर विचारतात, तिकिटं काढलीत ना? विषय बदलण्याची जुनी युक्ती.

तिकिटांचं असं आहे. लेकीचे दिवस भरत आलेत, महिनाअखेरची तारीख दिलीय. ती समुद्रापलीकडे, जावयाला रजा कमी. आम्ही दोघांनी जायचं ठरलंय. मीच ठरवलंय, सगळ्यांसमोर, मोठ्याने. माझा पहिलाच विमानप्रवास. आजवर योग आला नाही. लेकीच्या पदवीदानाला दोन रात्री रेल्वेत काढल्या, पण ते रेल्वेच्या खिडकीतून जास्त दिसतं म्हणून.

८ मार्च

ग्रुपवरच्या निवृत्त कॅप्टननी शंका काढली. तुम्ही म्हणता तसा पाय चुकला असता तर विमान डाव्या बाजूच्या गवतात गेलं असतं. पेपरातल्या फोटोत ते उजव्या बाजूच्या गवतात आहे.

मी शांतपणे उत्तर दिलं, रात्रीतून हलवलं असणार.

 

९ मार्च

ही म्हणाली, तुम्ही एकदाही विमानात बसला नाहीत आणि त्या बिचाऱ्या पायलटच्या मागे लागलात. याचा इथे काय संबंध? डोळे तपासणाऱ्याला स्वतःला नंबर असावा लागतो का?

तिकिटांचा विषय निघाला. मी समजावलं की अपघाताचं कारण नक्की झाल्याशिवाय बाळंत होणाऱ्या मुलीच्या आईला विमानात बसवणं बेजबाबदारपणा आहे. ही म्हणाली, बाळंत होणाऱ्या मुलीच्या आईने कालच तिकिटं काढली. दोन. बावीस तारखेची. खिडकी तुम्हाला.

हिने माझा किती विचार केला. रात्री जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

१२ मार्च

चौकशी समितीला सविस्तर ईमेल पाठवला. आकृत्या हाताने काढल्या, पायलटचा पाय लाल रंगात. लेकीलाही एक प्रत धाडली. आजोबांनी कशाचा छडा लावला ते बाळाला पुढे सांगता येईल. समितीचं उत्तर आल्यावर प्रवासाचं बघू, कारण त्यांनी बोलावलं तर मी इथे असायला हवा. हे हिला अजून सांगितलेलं नाही.

१४ मार्च, सकाळ

लेकीचा फोन. आधी तब्येतीचं बोलली, मग म्हणाली, बाबा, रागावू नका, पण तो व्हिडिओ उलटा आहे. त्या मुलाने स्वतःच्या बाजूच्या कॅमेऱ्याने काढलाय, आरशात दिसतं तसा. त्याच्या टी-शर्टवरची अक्षरं बघा.

बघितली. उलटी आहेत.

याला सबळ कारण आहे. माझं दुकान अरुंद. अक्षरांचा तक्ता पुरेशा अंतरावर टांगायला जागाच नाही. म्हणून तो उलटा छापलेला तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लावलाय आणि समोर आरसा. आरशात गिऱ्हाइकाला सरळ दिसतं, मी मात्र दिवसभर मूळ तक्ता वाचतो. उलटी अक्षरं मला सरळ अक्षरांइतकीच सवयीची. टी-शर्ट मी पहिल्याच दिवशी घडाघडा वाचला होता. याला चूक म्हणत नाहीत, प्रावीण्य म्हणतात.

ग्रुपवर योग्य वेळी सांगेन.

१४ मार्च, संध्याकाळ

बेकरीवाल्याने सांगितलं. त्याला कुठून कळलं देव जाणे. निवृत्त कॅप्टननी हसणारं तोंड टाकलं. विमान रात्रीतून हलवल्याची आठवणही कुणीतरी करून दिली. जबाबदार पेशातल्या माणसांकडून ही अपेक्षा नव्हती.

साडूंचा मेसेज आला, फक्त मला. होतं असं, आमच्या दोन वैमानिकांच्याही लक्षात आलं नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबल्या. हसले असते तर परवडलं असतं.

१८ मार्च

प्राथमिक रिपोर्ट आला. चाकाच्या दांड्यात आधीपासूनच बारीक तडा होता. वैमानिकांनी विमान उत्तम सांभाळलं, असं एक अनावश्यक वाक्यही आहे. बेकरीवाला म्हणतो, दांडा ब्रेकच्या जवळच असतो.

मी ग्रुपवर लिहिलं की मूळ प्रश्न आता सुरू होतो. एका विमानात तडा होता, तर बाकीच्यांत नसेल कशावरून? साडूंनी मुद्दाम फोन करून सांगितलं की त्या बनावटीची सगळी विमानं तपासून झाली, आणि तुम्ही जाणार ते विमान मुळात त्या बनावटीचंच नाही. मग म्हणाले, पहिल्यांदा मलाही पोटात गोळा आला होता.

पहिल्यांदा काय, पोटात गोळा काय. मी तांत्रिक बोलत होतो.

२० मार्च

बॅग भरली. बाळाची टोपडी आणि दुपटी माझ्या हातातल्या बॅगेत ठेवली, ती सामानात देऊन चुरगाळायची नाहीत. आता फाटे फोडणं बंद. जायचं म्हणजे जायचं. लेक रोज विचारते, बाबा येताय ना नक्की? रोज नक्की म्हणतो. छातीत धडधडतं अधूनमधून. वजन कमी करायला हवं.

२२ मार्च, सकाळ

निघतोय. अगदी नॉर्मल आहे. दोनदा दाढी केली.

२२ मार्च, संध्याकाळ

घरी आहे.

सामान देऊन झालं, तपासणी झाली, हातात कार्ड होतं. रांगेत उभे होतो. पुढे काच होती आणि काचेपलीकडे विमान. पाय उचलेना. मागचे लोक बाजूने पुढे जायला लागले. हिला म्हटलं, दुकानाचं शटर नीट लावलं की नाही, आठवत नाही.

ही भांडेल असं वाटलं होतं. तिने माझ्या बॅगेची चेन उघडली, टोपडी आणि दुपटी काढून आपल्या बॅगेत घातली. म्हणाली, गॅस आठवणीने बंद करत जा. आणि गेली. वळून बघितलं नाही.

टॅक्सी करून दुकानावर गेलो. शटर नीट लावलेलं होतं. तरी उघडून आत बसलो. रडू आलं. सामानात गेलेली माझी बॅग त्यांना शोधून परत काढावी लागली, त्यामुळे विमानाला उशीर झाला म्हणे.

२३ मार्च

ही पोचली. लँडिंग कसं झालं विचारलं. झोप लागली होती, कळलंच नाही म्हणाली. इतक्या महत्त्वाच्या क्षणी.

लेकीशी बोललो. दुकानाचं कारण सांगितलं. ती म्हणाली, असू दे बाबा. तिने रागवायला हवं होतं.

२५ मार्च

एप्रिलमध्ये नक्की जाणार. तोवर अंतिम रिपोर्ट येईल. साडूंना विचारलं तर म्हणाले, अंतिमला वर्ष-दीड वर्ष लागतं. आवाजात काही टोमणा नव्हता. म्हणाले, मनात आलं की सांगा, तुमच्या शेजारी बसून येईन मी, विमान कुणीतरी दुसरा चालवेल. बघू म्हटलं.

२७ मार्च

नात झाली. दोघी खुशाल.

दुपारी हिचा व्हिडिओ कॉल आला. आधी छत दिसलं, मग लेक, दमलेली आणि हसरी. मग फोन फिरला. खिडकीजवळच्या खुर्चीत साडू बसले होते. काल त्यांचं विमान तिकडेच उतरलं होतं, परतीचं उड्डाण संध्याकाळी. युनिफॉर्मवरच आले होते, टोपी टेबलावर. नात त्यांच्या हातांत. आमच्या घराण्यातल्या सगळ्या पुरुषांच्या आधी तिला त्यांनी घेतलं. जावई फॉर्म भरायला खाली गेला होता.

तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिलो. ही म्हणाली, अहो, बोला की काहीतरी, ऐकू येतंय तिला.

म्हटलं, साडूंना सांग, मानेखाली हात ठेवा म्हणावं.

मग नीट पाहिलं. हात ठेवलेलाच होता.