तुझ्या पत्रांत तू नव्हतीस

मालवण

प्रिय शेवंती,

काल तुझी आई शाळेत आली होती. तुझी चारही पोस्टकार्डं पदराच्या गाठीत बांधून आणली होती. तुला जाऊन वर्ष झालं. म्हणाली, बाई, पुन्हा एकदा वाचून दाखवा.

मी वाचली. "सासरची माणसे प्रेमळ व कष्टाळू आहेत. तुमच्या आशीर्वादाने मी येथे सुखात आहे." चारही कार्डांत जवळजवळ तेच. शेवटचं संपलं तेव्हा तिने विचारलं, "बाई, ह्येच्यात माझा चेडू खंय आसा?"

त्या कार्डांत तिची मुलगी कुठेच नव्हती, आणि ते का, हे मला ठाऊक होतं. म्हणून तुला लिहिते आहे.

ती वाक्यं तुझी नव्हतीच ना गं? माझी होती.

तू सातवीत होतीस. फायनल परीक्षेच्या तयारीसाठी मी 'माझे वडील' हा निबंध घातला होता. इतर मुलांनी फळ्यावरचे मुद्दे उतरवले. तू लिहिलंस, "बापूस गलबतारसून येता तेवा पयले दोन दीस वळखीचो वाटणा नाय. तिसऱ्या दिसाक तो आवशीर वराडता, मगे माका बरा वाटता."

मी ते दोनदा वाचलं. मनात हसू आलं, आणि डोळेही भरून आले, कारण माझे वडीलही बोटीवर होते. पण वडील आईवर ओरडले की मुलीला बरं वाटतं, हे परीक्षकाला काय कळणार? मी सगळ्यावर लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'माझे वडील प्रेमळ व कष्टाळू आहेत.' तुला ते दहा वेळा लिहून आणायला सांगितलं.

"पण बाई, बापूस तसो नाय," तू म्हणालीस.

"कागदावर असंच लिहायचं असतं," मी म्हटलं.

हे मी का केलं, ते तुला कधी सांगितलं नाही. ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या दिवशी माझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'माका' निघालं आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर मी घरीसुद्धा जपून बोलू लागले. माझ्या मुलींना कोणी हसू नये, एवढंच मनात होतं. खरंच एवढंच होतं का? तुझ्यासारखं लिहायचं धाडस मला कधी झालं नाही, हेही असेल.

तू शिकलीस. लवकर शिकलीस. फायनलला मराठीत पहिली आलीस, आणि मी तुझा निबंध पुढची दोन वर्षं वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवला.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी तुझं लग्न झालं आणि तू खारेपाटणला गेलीस. तुझं कार्ड आलं की तुझी आई माझ्याकडे यायची. वाचून झालं की विचारायची, "आणि?" मी कार्ड उलटून दाखवायची. आणखी काही नाही, सुखात आहे.

तिसऱ्या कार्डानंतर ती म्हणाली होती की एकदा जाऊन बघून येते, मन लागत नाही. मीच तिला अडवलं, शेवंती. म्हटलं, मुलगी स्वतःच्या हाताने लिहितेय ना सुखात आहे म्हणून? उगाच सासरी जाऊन तिला कशाला अवघडवता? ती गेली नाही. अक्षर मला वाचता येत होतं, तिला नव्हतं. म्हणून तिने माझं ऐकलं.

चौथ्या कार्डाचं अक्षर उतरलं होतं, ओळी खाली घसरल्या होत्या. मला वाटलं, हिचा सराव सुटला.

तू दोन महिने तापात पडून होतीस, डॉक्टर कोणी आणलाच नाही, त्यातच तू गेलीस, हे तुझ्या शेजारणीने नंतर सांगितलं. ते कार्ड तू अंथरुणात लिहिलंस. तेव्हा तरी 'आये, माका न्हेय', मला घेऊन जा, एवढं का नाही लिहिलंस? की लेखणी हातात घेतली की माझा आवाज ऐकू यायचा तुला?

आता वह्या तपासताना मला तुझा ऐकू येतो. कुठल्याही वहीत 'प्रेमळ व कष्टाळू' आलं, की अक्षर तुझंच दिसतं.

काल तुझ्या आईला मी सगळं सांगितलं. ती कार्डं गाठीत बांधून निघून गेली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मुलांनी घरच्या बोलीत लिहिलेलं मी आता खोडत नाही. इन्स्पेक्टरसाहेब काय म्हणतील ते म्हणोत. पण तेवढ्याने तुझं काय भलं होणार?

आज सकाळी आमच्या वाडीतल्या यशोदेला तिच्या लेकीचं कार्ड वाचून दाखवलं. सुखरूप आहे, काळजी नसावी. मी तिला विचारलं, तुझी मुलगी अशी बोलते का? ती नाही म्हणाली. मी रजेचा अर्ज दिला आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी तिच्या लेकीच्या सासरी जातो आहोत. ते काय म्हणतील ते ऐकून घेऊ, पण मुलीला डोळ्यांनी बघितल्याशिवाय उंबऱ्यावरून हलणार नाही. हा शब्द तुला देते.

तुझी,
शालिनीबाई