चुलीखालची ताई

प्रिय आई,

उद्या सकाळी तुझ्या स्वयंपाकघरावर जेसीबी येणार आहे, म्हणून आज लिहायला बसले. कुरकुंभच्या कंपन्यांत माणसं वाढतायत, दादाला ते पाडून भाड्याच्या खोल्या बांधायच्यात. आणि चुलीखाली काय आहे, ते तू फक्त मला सांगून गेलीस. असं कुणी करतं का गं?

"चुलीखाली ठेवलीय तुज्या ताईला. बाहेर कोल्ही हायती. दादाला सांगू नगं." शेवटच्या दुखण्यात एवढंच बोललीस. बारशाआधीच गेलेली माझी ताई! रोज सकाळी तिथं जमिनीवर दुधाची धार का सोडायचीस, ते तेव्हा कळलं.

अण्णांनी किती विनवलं तुला, पोरांना घेऊन दौंडला राहायला जाऊ म्हणून. "तुमी जावा. मी न्हाई यायची," हेच तुझं उत्तर. आम्ही तुला हट्टी म्हणायचो. तेव्हा या माळावर आपलं एकच घर होतं. मग शेजार आला, दुकानं आली, खानावळी आल्या. आता दारात रिक्षा वळत नाही.

परवा दादानं उसात खत म्हणून टाकायला नदीकाठच्या टेकाडाची पांढरी माती आणली, आपल्याकडे आणतात तशी. तिच्यात दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावलेली. आत इवलीशी हाडं! बघायला आलेले कॉलेजातले सर म्हणाले, हजारो वर्षांपूर्वी इथली माणसं तान्ही लेकरं घरातच पुरायची. शेती आली, धान्य साठलं, म्हणून माणसं एका जागी राहिली, त्यातूनच पुढं शहरं झाली, असंही सांगत होते. धान्य पोत्यात भरून नेता येतं, आई. पुरलेलं लेकरू कसं न्यायचं?

तू गेल्यावर तुझं स्वयंपाकघर बिहारच्या रेखाला भाड्यानं दिलंय. दादानं सांगूनही ती खोली सोडत नाही. "दीदी, जाने को निकलती हूँ तो कोई पाँव पकड़ लेता है," म्हणाली. तिला मी एक अक्षरही सांगितलेलं नाही!

इथवर लिहून उठले आणि दादाला सगळं सांगितलं. वाटलं, भडकेल. तो उठून आत गेला, चुलीपाशी बसला, जमिनीवर हात ठेवला.

"ऊब हाय गं," म्हणाला.

चूल तर तू गेल्यापासून पेटलेली नाही. रेखा गॅसवर रांधते. दादानं तिथूनच फोन करून जेसीबी नको म्हणून सांगितलं. अजून तिथंच बसलाय.

शब्द देते, ती जमीन कुणी खणणार नाही, दुधाची धार चुकणार नाही. आणि रागावू नकोस, तुझ्या अस्थी नदीवर नेल्या तेव्हा चिमूटभर मी मागं ठेवल्या, चुलीखाली, ताईच्या शेजारी. आता तुलाही कुठं जाता येणार नाही.

मी दोन दिवसांसाठी आले होते. बॅग भरून दारात ठेवलीय, कधीची.

तुझी,
सुमी