कॉम्प्युटरला घातलेला हार

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून त्या कॉम्प्युटरवरून तुमच्यावर चिडलेली आहे. आज ऑफिसात कुणीतरी सहज म्हणालं, "बंद करून परत चालू करा," आणि माझं डोकं सणकलं. दसऱ्यानंतरच्या त्या आठवड्यात आपल्या घरी हेच चाललं होतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मी टाइप करतेय, वीस मिनिटं होतात आणि पडदा काळा. पुन्हा चालू करावं, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा काळा. पानंच्या पानं गेली. शनिवारी प्रोजेक्ट द्यायचं होतं, नाहीतर वर्ष वाया. आणि तुम्ही दारात उभे राहून काय म्हणालात? "मशीन आपोआप बिघडत नाही. चालवणाऱ्याला अक्कल लागते."

तुम्ही कारखान्यात पंचवीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, तेव्हा हा शेवटचा शब्द. कुठूनतरी 'व्हायरस' ऐकून आलात आणि मैत्रिणीकडून आणलेल्या माझ्या फ्लॉप्या कपाटात कुलूपबंद केल्यात. कात्रजच्या आत्याला फोनवर, मला ऐकू जाईल अशा बेताने, "आपण घेऊन दिला हो, पण वापरणाऱ्याची लायकी नको?" वर मॉनिटरवर पाटी चिकटवलीत, 'कृपया विनाकारण हात लावू नये.' घरात माणसं तीन, त्यातली आई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ते 'कृपया' होतं कुणाला?

शुक्रवारी आईनेच स्वारगेटहून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने स्क्रू काढले, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि चिमट्याने एकेक ओढायला लागला. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, आंब्याच्या पानाचा तुकडा, पंख्याला गुंडाळलेला हातभर दोरा. "काका, ह्याला हार कुणी घातला? पंखा अडकलाय. तापून बंद पडतोय." कारखान्यातल्या मशीनची दसऱ्याला पूजा करता तशी घरच्या मशीनचीही तुम्हीच केली होतीत, हळद-कुंकू वाहून, हार मागच्या जाळीपर्यंत सोडून. मी तुमच्याकडे बघत राहिले. एक शब्द हवा होता, 'चुकलं' एवढाच. तुम्ही म्हणालात, "चहा घेणार का?" तेही त्याला.

प्रोजेक्ट मी दिलं, निम्मं हाताने लिहून, आणि पासही झाले. पण आत्याला तुम्ही पुन्हा फोन केला नाहीत. माझ्या लग्नात तिने माझ्या नवऱ्याला बजावलं, "हिच्या हाती मशीन देऊ नका हो." सगळे हसले. तुम्हीही हसलात, बाबा! त्याचा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

पण एक राहिलंय. प्रोजेक्टनंतरच्या वर्षी तुमच्या कारखान्यात लेथ काढून कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली. ज्याला जमेल तो राहील, बाकीच्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, असं वरून आलं होतं. आईने मला हे सांगितलं होतं. रविवारी सकाळी तुम्ही वही-पेन घेऊन माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलंत. "हे कसं चालतं, मला जरा दाखवतेस का?" उभ्या जन्मात तुम्ही पहिल्यांदाच मला काही विचारत होतात. मी मान न वळवता म्हटलं, "आत्ता वेळ नाहीये, बाबा." तुम्ही "बरं" म्हणालात आणि स्टूल जागेवर ठेवलंत. महिन्याभरात अर्ज भरून मोकळे झालात.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही. बाबा, मला वेळ होता. मी पडद्यावर पत्ते खेळत होते.