मधला मोकळा

सर, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. सोनपेठच्या शाळेत मी दिवसा संस्कृत शिकवतो आणि संध्याकाळी कबड्डी. पोरं दोन्हीकडे सारख्याच जांभया देतात. गुडघा गेला आणि माझं खेळणं संपलं तेव्हा गळ्यातली शिट्टी काढून तुम्ही माझ्या हातात ठेवली होती. "पायानं जमंना, आता तोंडानं खेळ. त्याची तुला लय सवय हाय." एवढाच तो पदग्रहण समारंभ.

विद्यापीठाच्या नामांतरावरून आसपासची गावं पेटली, ते माझं प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. आपला डावा कोपरा सांभाळणारा बौद्धवाड्यातला. त्यानं घोटा धरला की चढाईला आलेला गडी परत जात नसे. त्याच्या शेजारी, हातात हात धरून, आपल्या कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांचा पुतण्या उभा राहायचा. वर्षभर तसे हात धरले गेले, कुणाला काही वाटलं नव्हतं. मग शेजारच्या गावात घरं जळाली आणि महिन्याभरानं पालमला सामने आले. अध्यक्षांनी मला बोलावून चहा पाजला. "खेळू द्या की त्याला, आमी कुठं न्हाई म्हणायलोत? फकत साखळीत आमच्या पोराच्या हातात त्याचा हात नको. समदे बघायलेत." त्याला वगळलं तर सामना गेला, कोपऱ्यात ठेवलं तर बाकीचे सहा ट्रकमध्ये चढणार नव्हते. मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली आणि, खोटं कशाला बोलू, तिचं मला कौतुकही वाटलं. सात गड्यांत तीन जोड्या हात धरतात; मधला एकटा, मोकळा उभा असतो. मी त्याला मधला केलं आणि चढाईला लावलं. "सर, माझा कोपरा का काढला?" त्यानं विचारलं. त्याच्या पायांच्या चपळाईवर मी असं व्याख्यान दिलं की त्यात हरीण आलं, वारा आला, दोन सुभाषितंही आली. तो मान हलवत ऐकत राहिला. सामना आपण जिंकलो.

तुम्ही प्रेक्षकांत होतात. दुसऱ्या सकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसलोय, काकू माहेरी, आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून स्टोव्हला पंप मारताय.

"कोपऱ्यातून का काढलं त्याला?"

"पाय चपळ आहेत, सर."

"मला श्लोक सांगू नको. कुणाला नको झाला त्याचा हात?"

मी सांगितलं. तुम्ही पंप मारतच राहिलात, स्टोव्ह पेटला होता तरी. मग म्हणालात, "पुढच्या सामन्याला त्याची जागा त्याला दे, आन् खरं काय ते सांग. न्हाई जमलं तर शिट्टी आणून दे." मी हो म्हणालो. पुढच्या सामन्याआधीच तुम्ही गेलात. तुमच्या अंगणात मी खूप रडलो, सर, आणि रडताना मला सुटल्यासारखंही वाटलं. ती सुटका काही फार टिकली नाही.

तो चढाईतच नावाजला. पोलिसात लागला, जिल्ह्याकडून खेळला, आता परभणीत स्वतःचा संघ शिकवतो. यंदा विद्यापीठाचं नाव बदललं, आणि गेल्या महिन्यात त्यानं इथं, आपल्या जुन्या मैदानावर, भर सभेत मला हार घातला. म्हणाला, सरांनी मला कोपऱ्यातून काढलं म्हणून मी घडलो. पुढच्या रांगेत म्हातारे अध्यक्ष टाळ्या वाजवत होते.

सभा संपल्यावर तो मला बाजूला घेऊन गेला. त्याच्या संघातही कोपरा चांगला सांभाळणारा एक पोरगा आहे म्हणे, त्यालाही मधला करावा असं त्याच्या मनात आहे. "तुमी कसं वळखलं होतं सर, की मी मधला पाहिजे?" मी म्हणालो, पायांवरून. त्यानं खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं.

हे पत्र खरं म्हणजे त्याला जायला हवं. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहिणं सोपं पडतं, एवढंच.