विहारातली जुनी वीट

प्रिय बाबा, जय भीम.

रविवार, १८ जानेवारी. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. सिरपूरहून येऊन हात धूत होतो. नखांतलं मेण निघालं नाही. घरात सांगायला कोणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

आज तुम्हाला जाऊन वर्ष झालं. मला तुमच्याजवळ बसायचं होतं. म्हणून सिरपूरच्या त्या पुरातन विहारात गेलो, तुम्ही दुरुस्त केलेल्या भिक्षूंच्या खोलीत.

आयुष्यभर तुम्ही प्लांटमध्ये भट्टीच्या विटा बसवल्या आणि रिटायर झाल्यावर विहाराच्या डागडुजीला गेलात. पहिल्याच आठवड्यात पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी तुमचं काम उतरवायला लावलं. नवी वीट जुन्या विटेत मिसळून गेली होती. जुनं कुठलं नि दुरुस्ती कुठली हे कळावं, म्हणून ती वेगळी ओळखू यायला हवी होती. शनिवारी घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. "इतके वर्षं सांधा लपवाले शिकलो, आता दाखवाचा म्हणते!" किती चिडला होतात!

नंतर तुम्हीच त्या जुन्या विटांना जपायला लागलात. मेणबत्ती लावणाऱ्या बाईला म्हणालात, "ताई, धूर बाहेर करा. भिंतीले दमा होते!"

हे माहीत असूनही मी आज मेणबत्ती लावली. एकच, दोन मिनिटं, असं वाटलं. मेण जुन्या विटेवर ओघळलं. घाबरून किल्लीनं खरवडलं, तर विटेचा कोपराच हातात आला.

बाबा, तुमची वीट असती तर बदलता आली असती. ही जुनी होती. तिचा कोपरा कुठून आणू?

तेवढ्यात चौकीदार काका आले. "तैं मिस्त्री के बेटा हस ना? बइठ, चाहा पी ले!" तुमचाच मुलगा म्हणून ओळखलं त्यांनी मला. मी एका हातानं चहा प्यायलो. दुसऱ्या मुठीत तुकडा होता. तो तसाच खिशात घालून घरी आलो.

तुम्ही मला एकदाही कामावर का नेलं नाहीत? "पहिले दहावी कर," म्हणायचात. दहावी काही झाली नाही. विटेला हात कसा लावायचा, तेवढं तरी शिकवायचं होतं!

उद्या सुट्टी टाकून जातो. तुकडा साहेबांच्या टेबलावर ठेवीन आणि काकांसमोर सांगेन, हे मी केलं. कदाचित मला पुन्हा आत सोडणार नाहीत. तुमच्याजवळ बसायला मला दुसरी जागा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी सांगेन. मग कुंपणाबाहेर उभा राहीन, तिथून जेवढी भिंत दिसेल तेवढी बघत.

तुमचा,
प्रशिक