वसुबारसेला घरी आणलेलं रक्त

आई, आज वसुबारस. शेजारणीनं जयनगरच्या बाजारातून मातीचं गाय-वासरू आणलं, आणि मला तुझ्या फोटोकडे बघायची लाज वाटायला लागली. इतक्या वर्षांनी! हा कागद मी कुठे पाठवणार, पण लिहितेय.

साठच्या दशकातली ती दिवाळी. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांच्या देवनहळ्ळीकडच्या फार्मवर पूर्वेच्या डोंगरांतून आणलेली मिथुनाची गाय व्याली होती. मिथुन म्हणजे गव्याच्या जातीचं जनावर, धड रानातलं नाही, धड गोठ्यातलं नाही. नवजात वासराच्या रक्तात एका तऱ्हेचं हिमोग्लोबिन असतं. वासरू वाढतं तसं ते बनायचं थांबतं, दुसरं सुरू होतं. जनुकं तीच, मग कोण कुणाला गप्प बसवतं, हे आम्हाला बघायचं होतं. त्यासाठी पहिल्याच दिवसाचं रक्त हवं. प्रयोगशाळेला दिवाळीचं कुलूप, म्हणून मी ते बर्फ घातलेल्या थर्मासमधून चामराजपेटच्या घरी आणलं. आणि शहाणी मी, तुला कौतुकानं सांगितलंही!

मी न्हाणीतून बाहेर येते तर तू परसात जास्वंदीपाशी रिकाम्या नळ्या घेऊन बसलेली. "आज गाय-वासराची पूजा करायची आणि घरात वासराचंच रक्त ठेवायचं? गटारात नाही हो टाकलं. हळदकुंकू वाहून झाडाला घातलं."

"अगं, ते आता परत मिळायचं नाही!" मला रडू फुटलं, तेव्हा कुठे तुझा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तू हट्टानं माझ्याबरोबर बसमध्ये चढलीस. नऊवारीतली तू सरांपुढे हात जोडून उभी राहतेस, कानडीत मराठी मिसळत. "तप्पायितु, सार. चूक माझी, हिला बोलू नका." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सर म्हणतात, "सरी अम्मा, पहिला दिवस गेला. दुसरा आहे ना! स्वल्प, जरा वासरू धरता?" गाय पलीकडे कोंडलेली, वासरू कुणाच्या हाती लागेना. तू मात्र त्याची मान कुशीत घेतलीस आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत राहिलीस. मी सुई घातली.

परतताना तू एवढंच विचारलंस, "दुखलं का गं त्याला?"

"छे! त्यांना कळतही नाही," मी म्हटलं. तू मान डोलावलीस. पुढे त्याच कामावर माझं नाव झालं.

आई, त्याला दुखलं होतं. शीर सापडेना म्हणून मी दोनदा टोचलं. तुझ्या हातांना ते तेव्हाच कळलं असणार.